नकाराचा सोबती

संयम हा एकट्याचा गुण आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याचा त्यानं राग आवरावा, ज्याची त्यानं जीभ आवरावी. आमच्या भालकी-औराद भागात हीच गोष्ट कानडीतूनही कानांवर पडते : ‘ताळिदवनु बाळियानु’, म्हणजे जो दम धरील तो जगेल. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत दोन्हींची भेसळ अशा मुलखात वाढलेल्या माणसाला दोन भाषांनी एकच उपदेश केला की तो दुप्पट खरा वाटू लागतो. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी स्वतःला कशा आवरतात याविषयी मिळेल ते वाचत गेलो. आणि या उपदेशात काहीतरी अर्धवट आहे असं वाटू लागलं. कारण शरीरात कुणीही एकट्यानं आवरत नाही. तिथे ‘नको’ म्हणणारा एक असतो आणि ते ‘नको’ अमलात आणणारा दुसराच असतो.

रेणूंना नीती नसते, हे मला ठाऊक आहे. पेशीकडे बोट दाखवून माणसाला धर्म शिकवण्याचा उद्योग फार जुना आणि बहुधा फसवा आहे. तरीही काही वेळा निसर्गातली एखादी रचना आपल्या रूढ कल्पनेतली फट दाखवते. तेवढ्यापुरताच तिचा उपयोग मी इथे करणार आहे.

आपल्या रक्तात आणि लसिकाग्रंथींत टी-पेशी फिरत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिनं रोवलेली असतात. इंग्रजीत त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण ग्राही म्हणू. त्यांतला एक ग्राही परक्याची खूण ओळखतो. सीडी-२८ नावाचा दुसरा त्याला दुजोरा देतो. ओळख आणि दुजोरा दोन्ही मिळाले की पेशी पेटते. पेटते म्हणजे काय, तर पेशीच्या आत एका प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका लागतो, ते प्रथिन पुढच्यावर ठिपका लावतं, आणि अशी साखळी थेट केंद्रकापर्यंत जाते. एका पेशीच्या हजारो होतात आणि लढाई सुरू होते. ही लढाई कुठेतरी थांबली पाहिजे. नाहीतर चोराला हुसकावता हुसकावता घरच पेटून जायचं.

थांबवणाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ग्राही म्हणजे पीडी-१. जपानात क्योतो इथे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ साली सापडला. पेशीच्या मरणाशी त्याचा संबंध असावा या समजुतीनं त्याच्या नावात मरण घातलं गेलं. पुढे उमगलं की त्याचं काम आवर घालण्याचं आहे. नाव मात्र तेच राहिलं, जसं आमच्याकडे एखाद्याला लहानपणी ‘दगडू’ म्हणून ठेवलं की तो तहसीलदार झाला तरी दगडूच राहतो.

आता गंमत पाहा. या पीडी-१ला स्वतःला काहीच करता येत नाही. तो काही तोडत नाही, जोडत नाही, कुठलाही ठिपका पुसत नाही. पेशीबाहेर त्याचं डोकं आणि पेशीच्या आत लोंबणारी एक शेपटी, एवढाच त्याचा संसार. शेपटीवर टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या दोन मोक्याच्या जागा असतात. बाहेर पीडी-एल१ नावाचा जोडीदार डोक्याला भिडला की त्या दोन जागांवर फॉस्फेटचे ठिपके पडतात. आणि ते लावणारं विकर कोणतं? एलसीके, म्हणजे पेशी पेटवण्याच्या साखळीत अगदी पहिला ठिपका लावणारं तेच. आग लावणाऱ्याच्याच हातून आवराची चिठ्ठी लिहिली जाते.

पण चिठ्ठी लिहून गाडी थांबत नाही. आपल्याकडच्या एसटीत कंडक्टर दोरी ओढायचा : एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. गाडीतल्या लेकरांना वाटायचं, कंडक्टरच गाडी थांबवतो. गाडी थांबते ती ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडतो म्हणून. पीडी-१ ही नुसती दोरी आहे. पाय आहे तो एसएचपी-२ नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन एरवी पेशीत स्वतःची घडी घालून बसलेलं असतं. स्वतःच्याच एका भागानं त्यानं स्वतःचं तोंड झाकून घेतलेलं असतं. ठिपका लागलेले टायरोसिन धरायला त्याला दोन हात आहेत. दोन्ही हातांनी त्यानं पीडी-१ची शेपटी धरली की घडी उलगडते, तोंड मोकळं होतं, आणि ते आसपासच्या प्रथिनांवरचे फॉस्फेटचे ठिपके पुसू लागतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की त्याचा पहिला रोख सीडी-२८वर, म्हणजे दुजोरा देणाऱ्यावर असतो. मूळ ओळख करणाऱ्यापेक्षा ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणणाऱ्याचा आवाज आधी बंद केला जातो. ज्यांनी गावातली भांडणं मिटवली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पीडी-१ हा एकटाच असा नाही. नॅचरल किलर पेशींवर, बी-पेशींवर असे कितीतरी आवर घालणारे ग्राही आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शेपटीवर तीच खूण आणि भोवती तेच मोजके सोबती आहेत : एसएचपी-१, एसएचपी-२, काही ठिकाणी शिप नावाचं आणखी एक विकर. दोऱ्या पुष्कळ आणि पाय थोडे.

हे पाय काढून घेतले तर काय होतं, ते निसर्गानं आपणहून दाखवलं आहे. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या एका वाणात विचित्र पिल्लं जन्मली. त्यांच्या अंगावर जागोजागी चट्टे, केस गेलेले. कसर लागलेल्या लोकरीच्या कापडासारखी ती दिसत, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘मॉथ-ईटन’ म्हटलं गेलं. १९७५ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. ही पिल्लं जेमतेम तीन आठवडे जगत. त्यांच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी त्यांच्या फुफ्फुसांत आणि कातडीत घुसून नासधूस करत. दोष कशात आहे ते १९९३ साली कळलं : एसएचपी-१चं जनुक बिघडलेलं होतं.

मी या उंदरांपाशी बराच वेळ अडखळलो. कारण त्यांच्या पेशींवर आवर घालणारे ग्राही जागच्या जागी होते. ते आपल्या परीनं ‘नको’ म्हणतही होते, शेपटीवर ठिपकेही पडत होते. फक्त ती शेपटी धरायला कुणी येत नव्हतं.

महाभारतातल्या सभेत विकर्ण उठून बोलला, हे आपण विसरून जातो. कौरवांतलाच एक, त्यानं सांगितलं की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. क्षणभर सभेत त्याच्या बाजूनं गलबलाही झाला. मग कर्णानं त्याला पोरकट म्हणून दटावलं आणि गलबला विरला. विदुरही बोलला. म्हणजे त्या सभेत ‘नको’ म्हणणारे नव्हते असं नाही. शेपटी धरणारा कुणी नव्हता. आपण अशा प्रसंगी विचारतो, ‘कुणीच कसं बोललं नाही?’ प्रश्न चुकीचा आहे. बोललं कुणीतरी असतंच. बोलणाऱ्याच्या बाजूला बसलेल्यानं काय केलं, हा खरा प्रश्न.

माझ्या अक्काच्या घरात मी हे पाहिलं. दाजींना तंबाखूचं व्यसन लग्नाच्या आधीपासूनचं. आधी चंचीतली तंबाखू आणि चुना, पुढे गुटखा. अक्का नको म्हणायची. पंचवीस वर्षं म्हणत राहिली. कधी रागानं, कधी लेकरांची शपथ घालून. सासूबाई म्हणायच्या, पुरुषमाणसाला एवढं चालायचंच. दीर पुडी फाडून अर्धी दाजींच्या तळहातावर ओतायचे. कट्ट्यावरची मंडळी हसायची. बाहेरगावच्या पाहुण्यांत तिचं कौतुक मात्र होई, की बाई मोठ्या धीराची. तिच्या धीराला काहीच कमी नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच ‘संयम हा ज्याचा त्याचा’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ते वाक्य सगळं ओझं बोलणारीच्या डोक्यावर ठेवतं आणि बसलेल्यांना मोकळं करतं.

सरकारांचंही असंच चालतं. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. कर्नाटकात ती यायला मे २०१३ची अखेर उजाडली. मधले दहा महिने उदगीर, निलंगा, देगलूरला जे उघडपणे मिळत नव्हतं, ते सरहद्दीच्या अलीकडे औराद-भालकीत टपरीवर टांगलेलं होतं. एका राज्यानं दोरी ओढली होती आणि पाय दुसऱ्याच्या ताब्यात होता. पुढे दोन्हीकडे बंदी झाली, तर सुपारीचा मसाला वेगळ्या पुडीत आणि जर्दा वेगळ्या पुडीत मिळू लागला. गिऱ्हाइकानं तळहातावर एकत्र करायचा. कायदा पाळला गेला, तोंडं सडायची ती सडलीच.

इथवर लिहून थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती : नको म्हणणाऱ्याला साथ द्या. पण सोबती प्रथिनांची पुढची हकीकत अवघड आहे.

शरीरात वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीला ही दोरी ठाऊक असते. अनेक गाठी आपल्या अंगावर पीडी-एल१ पांघरून बसतात. टी-पेशी त्यांना ओळखून चालून येते, तर गाठ तिच्या पीडी-१ला भिडते, घंटी वाजते आणि एसएचपी-२ इमानानं धावत येऊन पेशीला शांत करतं. घंटी कुणी वाजवली, हे ते विचारत नाही. हाच सोबती दुसऱ्या पेशींत दुसऱ्याच्या शेपटीला लागला तर वाढीला चालनाही देतो. त्याच्या जनुकातल्या एका प्रकारच्या बिघाडानं लहान मुलांना रक्ताचा कर्करोग होतो. म्हणजे त्याचा स्वतःचा असा स्वभाव नाहीच. ज्याच्या बाजूला उभा राहील त्याचं काम करील.

त्याच सभेत भीष्मही होते. त्यांच्यापाशी संयम कमी नव्हता, जन्मभराचा होता. धर्माची गती सूक्ष्म आहे असं सांगून ते बसून राहिले. त्यांच्या संयमाची दोरी सिंहासनाला बांधलेली होती आणि सिंहासनाभोवती कोण जमलं आहे हे विचारायची त्यांनी स्वतःला मुभा ठेवली नव्हती. विकर्णाला सोबती मिळाला नाही आणि दुर्योधनाला नको तितके मिळाले. कानडी म्हण ‘दम धरील तो जगेल’ म्हणते. कुणासमोर दम धरायचा ते सांगत नाही.

मग ही दोरी कापून टाकावी का? हा प्रश्न वैद्यकानं प्रत्यक्ष विचारला. पीडी-१ला झाकून टाकणारी औषधं आली, आणि या विषयातल्या मूळ शोधांसाठी २०१८ साली होन्जो आणि अमेरिकेतले जेम्स ॲलिसन यांना नोबेल मिळालं. ॲलिसन यांचं काम सीटीएलए-४ या दुसऱ्या आवरावरचं. हा आवर जन्मतःच नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात. पीडी-१ नसलेल्या उंदरांना उतारवयात सांध्यांचे आणि मूत्रपिंडाचे विकार जडतात. आणखी चमत्कारिक गोष्ट क्षयाची. वाटेल की आवर काढला तर पेशी क्षयाच्या जंतूंवर तुटून पडतील आणि उंदीर वाचतील. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उलटंच दिसलं : पीडी-१ नसलेले उंदीर क्षयानं लवकर मेले, फुफ्फुसांतल्या अनावर दाहानं. शत्रू खरा असला तरी आवर लागतोच. त्याआधी २००६ साली लंडनला सहा निरोगी तरुणांना सीडी-२८ जोरानं चेतवणारं नवं औषध प्रयोगादाखल टोचलं, तेव्हा काही तासांतच त्यांचे अवयव एकामागून एक निकामी होऊ लागले होते. अतिदक्षता विभागातल्या उपचारांनी सगळे वाचले. नुसता दुजोरा वाढवत नेला तर काय होतं, त्याचा तो दाखला.

आपल्याकडे या औषधाची अडचण वेगळीच होती. निव्होल्युमॅबची रूढ मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. ती किंमत आमच्या भागातल्या किती घरांना झेपेल ते सांगायला नको. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रश्न फिरवून विचारला : इतकी मात्रा लागतेच कशाला? थोड्या औषधानंही पेशींवरचे बहुतेक पीडी-१ झाकले जातात, हे सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलेलंच होतं. त्यांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चाचणी घेतली. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचे उपचार. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होल्युमॅब. हिशेब केला तर रूढ मात्रेचा अठरावा हिस्सा. २०२२ साली निष्कर्ष छापून आले : वर्षभर जगणारे नुसत्या गोळ्यांवर शंभरात सोळा होते, औषधाची जोड मिळालेल्यांत त्रेचाळीस. तोंडाचा कर्करोग हा आपला, तंबाखूच्या मुलखाचा रोग. त्यावरचा हा विचार आपल्याच एका रुग्णालयात झाला, याचं मला अप्रूप आहे.

दाजींना २०२३ साली गालाच्या आत गाठ निघाली. शस्त्रक्रियेची वेळ टळलेली होती. आमच्याकडचे रुग्ण कुणी कलबुर्गीला, कुणी बार्शीला, कुणी हैदराबादेला जातात. त्यांनाही एका ठिकाणी दाखवलं आणि तिथल्या डॉक्टरांनी ही थोड्या मात्रेची इंजेक्शनं सुचवली. कुपी चाळीस मिलिग्रॅमची येते. वीस एका रोग्याला, वीस दुसऱ्याला; दोघं एकाच दिवशी आले तरच खर्च निम्मा. दाजींच्या वाट्याला आल्या आळंद तालुक्यातल्या एक आजी. त्यांना मराठी समजायचं, बोलता येत नसे. अक्काला कानडी बोलता येतं, पण बाजारापुरतं. दर तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा अक्काला फोन यायचा : ‘अक्का, बरतीरा?’ येताय ना? एकदा दाजींना ताप होता आणि जायचं रद्द करायच्या बेतात होते, तेव्हा अक्का म्हणाली, ‘तुमच्यासाठी नसेल तर त्या म्हातारीसाठी चला.’ चौथ्या-पाचव्या इंजेक्शननंतर दाजींची थायरॉइड ग्रंथी मंदावली. आवर सुटलेल्या पेशींनी गाठीबरोबर तिच्यावरही हात टाकला होता. तिच्यासाठी वेगळी गोळी सुरू झाली. गाठ मात्र सहा-सात महिने दबून राहिली, ते भाकरी कुस्करून खाऊ लागले, नातीच्या बारशाला बसून राहिले.

त्या काळात मी त्यांना हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. घंटी, दोरी, ड्रायव्हरचा पाय. ते लक्ष देऊन ऐकत. मग एकदा म्हणाले, ‘मास्तर, म्हणजे ही दोरी आधी माझ्याकडं नव्हती म्हणून खाल्ली, आन् आता नको तिथं हाय म्हणून मरतोय.’ मी यावर काय बोलणार? शास्त्राच्या दृष्टीनं वाक्य तितकंसं बरोबर नाही. व्यसनाची दोरी वेगळी, पेशीची वेगळी. पण पहिल्या अर्ध्यातही ती दोरी त्यांच्याकडे होती. अक्का ती पंचवीस वर्षं ओढत होती. हे मी त्यांना म्हणालो नाही. त्या अवस्थेतल्या माणसाला म्हणण्यासारखं ते नव्हतं, आणि हिशेब एकट्या त्यांच्या नावावर मांडावा असंही मला वाटत नव्हतं.

एसएचपी-२ला घंटी कुणी वाजवली हे विचारता येत नाही, कारण त्याला डोळे नाहीत. फॉस्फेट लागलेली शेपटी एवढंच त्याला कळतं. कट्ट्यावर बसलेल्याला, सासूला, दिराला, सभासदाला, सरकारी अधिकाऱ्याला ते विचारता येतं. मूग गिळून बसण्याआधी आणि हात पुढे करण्याआधीही. नको म्हणणारी कोण आहे, कुणासाठी म्हणते आहे, आणि आपण गप्प बसलो तर ते गप्प बसणं कुणाच्या उपयोगी पडतं आहे. एवढं विचारायला संयम लागत नाही, धैर्यही फारसं लागत नाही. बाजूला पाहावं लागतं.

दाजी २०२४च्या पावसाळ्याअखेर गेले. तेराव्याला गोड जेवण झालं, मांडवात पुरुषमंडळी टेकली आणि रिवाजाप्रमाणे पानसुपारीचं ताट फिरू लागलं. त्यात तंबाखूची डबीही होती. अक्का दारातूनच म्हणाली, ‘या घरात हे नको.’ नेहमीसारखी थोडी शांतता झाली. मग धाकट्या दिराचा मुलगा, बिदरला कॉलेजात शिकतो तो, उठला; ताटातली डबी उचलून आत घेऊन गेला आणि येताना बडीशेपेची वाटी घेऊन आला. काही बोलला नाही. त्याचा बाप त्याच्याकडे पाहत राहिला. तीन-चार जण उठून गल्लीत गेले आणि तिथे त्यांनी आपापल्या चंच्या सोडल्या.